निर्मळ महालातील खंडेनवमीची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि जे डोळ्यांस दिसत नाही परंतु ज्यावाचून काही चालत नाही, त्या सूक्ष्मासही नमन असो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, आश्विन मासी एका राज्यात जे वर्तले ते येथे यथास्थित लिहिले आहे. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मुलूख ऐसा की नखावर मावावा, आणि त्या मुलखातील रस्ते म्हणजे विजेच्या तारा; एक केस उभा चिरून त्याचे सहस्र भाग करावे, तेव्हा एका भागाशी एका तारेची बरोबरी व्हावी. या तारा चकतीवर कोराव्या आणि त्यांतून छातीस चिकटवण्याची, हृदयाची चाल सांगणारी पट्टी सिद्ध करावी, हा त्या राज्याचा उद्योग.

राज्याची सदर चौघांची. व्यवहारात तिला संचालक मंडळ म्हणत. अध्यक्षपद दादासाहेब ऐनापुरे यांजकडे; ते ओतकामाच्या कारखान्याचे धनी, आणि राज्य जन्मले तेही त्यांच्याच कारखान्याच्या पडवीत. दुसरे त्र्यंबकराव केळशीकर, पदार्थविज्ञानाचे वृद्ध अध्यापक. कोणाच्या लोभात नाहीत म्हणून त्यांस स्वतंत्र संचालक नेमिले होते. तिसरे नौरोजशेट दुबाश, भांडवलवाल्यांचे वकील. चौथ्या मृणालिनीबाई टेंभेकर, ज्यांच्या बुद्धीतून हे राज्य निघाले. मुख्य कारभार त्यांचाच, त्र्यंबकरावांच्या एके काळच्या शिष्या, आणि सदरेत सर्वांहून धाकट्या. रिवाज ऐसा की प्रथम दादासाहेबांनी बोलावे आणि मग वयाच्या उतरंडीने एकेकाने. आणि ठराव लिहावयाचा तो एकमताचाच. त्यामुळे दादासाहेब बोलून राहिले म्हणजे बाकीच्यांस मान हालविण्यापलीकडे काम उरत नसे, आणि सदर चहाच्या वेळेत आटोपे, याचा सर्वांस अभिमान होता.

ऐसियास खंडेनवमी जवळ आली. एका थोर रुग्णालयाने पट्ट्यांची पहिली मोठी मागणी केली होती आणि चकत्या निर्मळ महालात तयार होत होत्या. निर्मळ महाल म्हणजे ज्या दालनात धुळीच्या कणासही मज्जाव. आत जाणाराने डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा ल्यावा, वाऱ्याने अंग झाडून घ्यावे आणि मग उंबरा ओलांडावा. दादासाहेब सदरेत बोलिले, "राज्य पडवीत होतं तोवर दरवर्षी यंत्राला कुंकू लावत होतो. महाल बांधला आणि देव बाहेर राहिला. आमच्या भट्टीवर तीन पिढ्यांत कुणाचं बोट गेलं नाही, ते कशानं? यंदा आत जाऊन रीतसर पूजा करायची."

त्र्यंबकरावांस पक्के ठाऊक होते की त्या मुलखात कुंकवाचा कण म्हणजे डोंगर कोसळल्याप्रमाणे. शब्द ओठांपर्यंत आले. परंतु वडील माणसाच्या बोलण्यापाठोपाठ, त्याच्या भक्तीस नाही म्हणणे अवघड. इतक्यात चहाही आला. आणि मग त्यांणी मनाशी धरिले की महाल शिष्येचा आहे, ती बोलेलच. ऐसे धरून ते म्हणाले, "दादासाहेबांचं तेच आमचं." नौरोजशेटांनी पाहिले की जाणता पुरुष हो म्हणतो, आणि तेही हो म्हणाले. मृणालिनीबाईंनी गुरूंच्या मुखाकडे पाहिले. गुरू कपाकडे पाहत होते. मग त्या हळूच म्हणाल्या, "दादा, बाहेर काचेवर लावलं तर?" दादासाहेब हसून बोलिले, "अगं पोरी, देवाला खिडकीतून जेवायला वाढतेस होय?" सर्व हसले, बाईंस पडवीचे दिवस आठवले, आणि त्या गप्प राहिल्या. ठराव एकमताने जाहला.

मग नवमीस दादासाहेब पांढरा झगा लेऊन आत गेले आणि तारा कोरणाऱ्या यंत्रास बोटभर कुंकू लाविले आणि अक्षता वाहिल्या आणि हात जोडिले, आणि ते करिताना त्यांचे डोळे पाणावले, हे त्र्यंबकरावांनी काचेबाहेरून पाहिले. महालाच्या छतातून वारा अखंड खाली वाहतो. त्याने ते कुंकू कोठे कोठे नेले ते कोणास दिसले नाही. चकत्या मात्र एकूणएक निर्जीव निघाल्या. महाल पुन्हा शुद्ध होईपर्यंत काम बंद जाहले, आणि रुग्णालयाने थांबण्यास नकार देऊन मागणी दुसऱ्या राज्याकडे फिरविली.

तेव्हा पुन्हा सदर बैसली. नौरोजशेटांनी ठरावाचा मसुदा आणिला की मृणालिनीबाईंकडून कारभार काढून घ्यावा. "मला बरं वाटतं असं समजू नका," शेट म्हणाले, "पण भांडवलवाले विचारतात, जबाबदार कोण? एक नाव द्यावंच लागतं, बाबा." दादासाहेब खिन्न होते. परंतु रिवाजाप्रमाणे प्रथम त्यांसच बोलणे आले, आणि ते म्हणाले, "पोरीसाठी जीव तुटतो. पण महाल तिचा, तर बोलही तिलाच. शेटचा मसुदा मंजूर करू." आणि मग सर्वांनी त्र्यंबकरावांकडे पाहिले.

त्र्यंबकरावांच्या मनात आले की हीच ती जागा. येथेच आपण हो म्हटले आणि चकत्या गेल्या. आता हो म्हटले तर जिला आपण कण म्हणजे काय ते शिकविले ती जाईल. आणि नाही म्हटले तरी काय, एकाचे नाही म्हणजे भांडण, आणि भांडणाचा ठराव हे राज्य लिहीत नाही. दोष एका उत्तराचा नव्हे, उत्तरे ज्या क्रमाने येतात त्या क्रमाचा आहे. मग ते म्हणाले, "दादासाहेब, आज उलटं बोलू. धाकट्यापासून सुरुवात, तुम्ही शेवटी."

शेट म्हणाले, "पंत, हे अजेंड्यावर नाही."

"कुंकूही नव्हतं, शेट."

दादासाहेबांनी हात हालवून बाईंस बोलण्याची खूण केली. मृणालिनीबाई बोलिल्या, "जबाबदारी माझीच. मला ठाऊक होतं, आणि ज्यांनी पडवी दिली त्यांना नाही कसं म्हणू, म्हणून मी गप्प बसले. कारभार घ्या. पण ठरावात कारण खरं लिहा, की चकत्या कुंकवानं गेल्या. नाहीतर नवा कारभारी आणाल आणि पुढच्या नवमीला त्यालाही आत कुंकू न्यायला लावाल." नौरोजशेट काही वेळ मसुदा उलटसुलट करीत राहिले, मग म्हणाले, "मला खरंच कळत नव्हतं. मी पंतांच्या तोंडाकडे बघितलं. पंत चहा बघत होते." त्र्यंबकराव म्हणाले, "मला कळत होतं. तिच्याइतकंच."

मग दादासाहेबांची पाळी आली.  ते म्हणाले, "कळत होतं तर मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही आधी बोलता, दादासाहेब," त्र्यंबकराव म्हणाले. "तुमच्यामागे आमच्या वाट्याला फक्त हो उरतो."

दादासाहेब काचेपलीकडे पाहू लागले. तेथे पांढऱ्या झग्यांतील माणसे जमीन, भिंती, यंत्रे पुसत होती आणि पुसलेले पुन्हा पुसत होती. ते म्हणाले, "माझे वडील नवमीला सकाळपासून लेथ पुसायचे. तेल, बुरा, काही म्हणून राहू द्यायचे नाहीत. कुंकू लावायला त्यांना क्षणभर लागायचा. मी तेवढा क्षणच लक्षात ठेवला." मग शेटांकडे वळून म्हणाले, "नाव द्यायचं ना? माझं द्या. अध्यक्षपद सोडलं. पोरीला हलवू नका." शेट म्हणाले, "दादा, एवढं नका," आणि मृणालिनीबाईही उठून उभ्या राहिल्या, परंतु दादासाहेब म्हणाले, "शेवटी बोललोय. आता माझ्यामागे कुणी बोलायचं नाही." तेव्हा सदरेत पहिल्याने खरे हसू जाहले. मसुद्यातले नाव बदलिले आणि कारण जैसे होते तैसे लिहिले.

पुढील वर्षी, क्रोधीनाम संवत्सरी, खंडेनवमीस दादासाहेब आले. रुग्णालयाची मागणी परत आली नव्हती. दुसरी एक, लहानशी, आली होती. त्यांणी झगा ल्याला, वाऱ्याने अंग झाडिले, आणि रिकाम्या हातांनी आत जाऊन मृणालिनीबाईंकडून ओला फडका मागून घेतला. मग यंत्राचा पाया पुसावयास बैसले ते दुपार कलली तरी उठेनात. त्र्यंबकराव काचेबाहेर उभे होते. त्यांणी आपले बोट काचेस लाविले, मागे ठसा राहिला तो पाहिला, आणि धोतराच्या सोग्याने पुसून काढिला.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. तात्पर्य इतकेच की ज्याचे मत सर्वांत जड, त्याने ते ताजव्यात सर्वांच्या शेवटी ठेवावे. आधी ठेविल्यास ताजवा पुढे काहीच सांगत नाही. जाणत्यांनी विचार करावा. लिहिणाराची लेखणी येथे थांबली.