जनूने घरी टायर बसवले

"रघ्या, रविवारी तुला मागं बसवून खांबला नेतो नि परत आणतो. घरी बसवलेल्या टायरवर! गाडी जरा जरी हलली ना, तर तू सांगशील ते करीन!"

मंडळी, हे वाक्य कुठल्याही शहाण्या माणसानं बोलू नये. जनूनं ते पेणच्या रामवाडीत, भर दुपारी, सहा माणसांदेखत बोलून टाकलं.

रघूनं एक डोळा मिटला. त्याचं सगळं आयुष्य पेणच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्तींचे डोळे रंगवण्यात गेलेलं. एक डोळा मिटून समोरच्याकडं बघायचं, मगच तोंड उघडायचं, ही त्याची सवय. शिवाय तो या संधीची वर्षभर वाट बघत होता. गेल्या दिवाळीत जनूनं त्याच्या दारावर 'पोह्याचे ताजे पापड इथे मिळतील, पहाटे पाचपासून' अशी पाटी लावली होती. चार दिवस रघूची झोप गेली. पाचव्या दिवशी त्याच्या बायकोनं कंटाळून खरोखरच पापड विकायला सुरुवात केली!

"सांगेन ते?" रघूनं मिटलेला डोळा उघडला. "मग ऐक. गाडी जिथं दगा देईल, त्या गावात तू हाफ पँट घालायची. नि तुझा जुना टायर काठीनं हाणत गावभर फिरवायचा. लहानपणी फिरवायचो तसा."

"आणि गाडी नीट गेली तर?"

"तर वर्षभर दर रविवारी तुझी गाडी मी धुवीन. इथंच, सगळ्यांसमोर!"

"दे टाळी!"

टाळीचा आवाज ऐकून ओट्यावरून जनूच्या बायकोनं, नूतननं, सुस्कारा सोडला. बावीस वर्षांच्या संसारात तिचा हा सुस्कारा चांगला मुरला होता. त्याचा अर्थ शेजारपाजारच्यांनाही पाठ होता: हा माणूस आता काहीतरी मोडणार.

"अहो, टायर बसवा नायतर डोक्यावर घ्या," ती म्हणाली. "पण रविवारी आईकडं बियाणं पोचलं पायजे. भात कापून झालंय. शेतातली ओल सोमवारपर्यंत टिकंल, मग वाल पेरून उपयोग नाय. कळलं?"

"अगो, त्यासाठीच तर जातोय!"

हे बियाणं म्हणजे साधंसुधं नव्हतं. नूतनची आई सीताबाई, राहणार खांब. दरवर्षी कडव्या वालातला एकेक दाणा निवडून ती बियाण्याला बाजूला काढायची. तिच्या आईनंही असंच काढलेलं, तिच्या आजीनंही. खांबच्या घरात उंदीर फार, म्हणून बियाणं राखेत घोळून पेणला नूतनच्या माळ्यावर डब्यात राहायचं. त्या डब्याला नूतन स्वतःही आंघोळ केल्याशिवाय हात लावत नसे.

तर गुरुवारी जनू रोह्याच्या कंपनीतून तिसरी शिफ्ट करून आला. डोळे लाल, कंबर वाकडी. माणसानं अशा वेळी झोपावं. जनू अंगणात चाकं खोलत बसला.

त्याची मुलगी दिशा पायरीवर बसून मोबाईलवरचा व्हिडिओ त्याला वाचून दाखवत होती.

"बाबा, आता म्हणतोय, टायर लिव्हर घ्या."

"ते नाय आपल्याकडं. आईची दोन उलथनी आण."

"बाबा!"

"हळू आण!"

दोन उलथनी गेली. तिसऱ्याच्या जागी झारा आला, तो गेला. टायर काही रिम सोडेना. जनू टायरवर उभा राहिला, उड्या मारल्या, वर पाटा ठेवला, पाट्यावर दिशाला उभं केलं, दिशाच्या हातात भरलेली बादली दिली. शेवटी 'फट्' असा आवाज झाला. टायरची कड सुटली होती. आणि जनूची कंबरही!

नवीन ट्यूबलेस टायर आत सरकवताना त्यानं भांड्याच्या साबणाचं पाणी ओतलं. व्हिडिओतला माणूस ब्रशनं जरासं लावत होता. जनूनं तांब्यानं लावलं. एका टायरला एक तांब्या, दोनाला दोन. आतलं पाणी पुसून काढा, असंही तो माणूस म्हणाला. पण तेव्हा दिशाच्या मोबाईलवर मैत्रिणीचा फोन आला होता.

मग आलं बॅलन्सिंग.

"बाबा, तो म्हणतोय, टायरच्या आत छोटे छोटे मणी टाकतात. चाक फिरलं की ते आपोआप हव्या त्या जागी जातात. मग गाडी हलत नाय."

"मणी? कसले मणी?"

"कडक. गुळगुळीत. एकसारखे. तसलेच पायजेत."

जनूनं आभाळाकडं बघितलं. आभाळाच्या वाटेत माळा लागला. माळ्यावर डबा होता.

आता तुम्ही म्हणाल, खायचे वाल घ्यायचे! जनूनं खायचे वाल हातात घेऊन बघितलेही. एक जाडा, एक रोडका, मध्येच खडा. अशानं गाडी पार हायवेच्या खाली जाईल! आणि बियाण्याच्या डब्यात बघावं तर काय, सीताबाईनं सबंध वर्ष खपून निवडलेले, टपोरे, जुळे भाऊ शोभावेत असे दाणे. सासूबाईंनी नकळत जावयाच्या टायरसाठीच मेहनत केली होती!

तेवढ्यापुरते पाव किलो पुढं, पाव किलो मागं. डब्यात तेवढेच खायचे वाल टाकले, राख नीट कालवली, झाकण लावलं. रविवारी खांबला पोचलं की टायर सोडायचा, बियाणं काढायचं, धुऊन पुसून पिशवीत भरायचं. कुणाला पत्ता नाही! स्वतःच्या हुशारीवर जनू इतका खूश झाला की तिथंच अंगणात टायरवर डोकं ठेवून झोपला.

संध्याकाळी शेजारच्या गाडीवरून चाकं पंपावर नेऊन हवा भरून आणली, ती गाडीला बसवली आणि गाडी दिवसभर ऊन येईल अशा जागी उभी केली. शुक्रवार, शनिवार जनू कंपनीच्या बसनं गेला. गाडीवर बसण्याजोगी त्याची कंबर उरली नव्हती.

रविवारी सकाळी रघू हजर! गळ्यात हार घालावा तसा त्यानं जनूचा जुना टायर अडकवला होता.

"हे काय रं?"

"लागला तर असावा."

"लागणार नाय!"

"मग माझ्या गळ्यात शोभतोय असं समज," म्हणत रघू मागं बसला. नूतननं डब्यातलं बियाणं पिशवीत ओतून जनूच्या पुढ्यात टांगलं. "हात लावू नका," ती म्हणाली. जनूनं तिच्या नजरेला नजर दिली नाही.

वडखळपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. जनू शीळ घालू लागला. नागोठण्याच्या पुढं चाळीसची पन्नास केली आणि पुढचं चाक बोलू लागलं. थड. थड. थड.

"रस्ता खराब हाय," जनू म्हणाला.

"हा तुकडा नवीन केलाय," रघू म्हणाला.

थडथड वाढली. हँडल असं हलू लागलं की रस्त्याकडेचा प्रत्येक माणूस जनूला मान हलवून नको नको म्हणतोय असं वाटावं. मागून रघू एक डोळा मिटून खाली वाकला. मूर्तीच्या नाकाची रेघ केसभर सरकली तरी त्याला दिसते. हे तर चाक होतं!

"जन्या, चाक नाचतंय रं."

"तू हलू नको मागं!"

"मी हलत नाय. मी देवाचं नाव घेतोय."

आणि वास! आधी जनूला वाटलं रघूचा. रघूला वाटलं जनूचा. दोघांनी दोन किलोमीटर एकमेकांना काही न बोलता सहन केलं. खांबचा फाटा आला आणि पुढचं चाक 'सुं' करत बसलं.

दोघं उतरले. रघू चाकाजवळ उकिडवा बसला. बराच वेळ बसला.

"जन्या."

"काय?"

"तुझ्या टायरला मोड आलाय."

रिमच्या कडेतून, रबर आणि धातूच्या फटीतून, एक पांढराशुभ्र, गुबगुबीत मोड बाहेर डोकावत होता. टायरात अडकलेला दाणा फुगला, फुगून कड उचलली आणि हवा निघून गेली. साबणाचं पाणी, दोन दिवसांचं ऊन, वरून बंद भांडं. बिरड्याला याहून जास्त काय लागतं?

रघूनं जनूकडं बघितलं. जनूनं हायवेकडं बघितलं. रघू हसला नाही, हे विशेष. तो रस्त्याच्या कडेला खाली बसला, गळ्यातला टायर काढला, त्यावर डोकं ठेवलं आणि त्याचे फक्त खांदे हलत राहिले.

गाडी ढकलत दोघं सीताबाईच्या अंगणात पोचले. सीताबाई सुपात काहीतरी पाखडत होती. तिनं पिशवी घेतली, हात घातला, चार दाणे तळहातावर घेतले आणि विचारलं, "हे कुनाचं?"

"आपलंच, आई."

"माजं नाय. ह्यातला निम्मा माल खायचा हाय. माजं बियाणं कुठं हाय, जावई?"

रघूनं फक्त पुढच्या चाकाकडं बोट दाखवलं.

शेजारच्या शिवाकडून पहार आणली आणि टायर उचकटला. अंगणात आधी साबणाचा फेस आला. मग वास आला. कोंबड्या अंगण सोडून गेल्या. आणि मग घरंगळत, एकमेकांना चिकटत, अर्ध्या वालांचा लगदा झालेला आणि अर्ध्यांचे मोड तुटलेले, असं सीताबाईचं तीन पिढ्यांचं बियाणं बाहेर आलं. मागचा टायर सोडला. तिथंही तेच.

सीताबाई खाली बसली. एक दाणा उचलून तिनं बोटावर फिरवला. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं जनूला वाटलं.

"नूतनला सांगू नका," जनू कसंबसं म्हणाला.

"तिला काय सांगायचं? तिनं मला सकाळीच फोन केला. 'आई, यांची कंबर मोडलीय, माझी उलथनी मोडलीत, डब्याचं झाकण उलटं बसलंय. तू बघून घे,' म्हणाली." सीताबाई उठली. "राहिलेलं निम्मं पेरता येईल. निम्मं शेत उघडं ठेवायचं का? उद्याच्याला ओल जाईल."

"गावात असेल की बियाणं, आई. घरोघरी मूठमूठ मागितलं तर..."

"मागायला जाणार कोन?"

रघूनं घसा खाकरला. "काकू, तो तसाही घरोघरी जाणारच हाय."

मग त्यानं पैजेचं सगळं सांगितलं. सीताबाईनं शांतपणे ऐकलं, आत गेली आणि तिच्या धाकट्या मुलाची जुनी हाफ पँट घेऊन आली. धाकटा मुलगा जनूपेक्षा दोन पोटं बारीक होता.

"आई, मी जावई हाय हो या गावचा!"

"व्हय. आन् माजं बियाणं मातीला जायचं होतं, ते तुमच्या टायरात गेलं. घाला."

रविवारची सकाळ. सगळं खांब घरी. पन्नाशीचा माणूस, मांडीला रुतणारी हाफ पँट, कमरेला एका हाताचा आधार, दुसऱ्या हातात काठी, पुढं टायर. टायर एकदा गटारात गेला, एकदा गोठ्यात. दर दाराशी थांबून जनू म्हणे, "मावशी, मूठभर बियाण्याचे वाल द्या." आणि बायका आत जाऊन सगळ्यांना बोलावून आणत आणि मग मूठ आणत. पाठीमागून पिशवी धरून सीताबाई, आणि तिच्यामागं, डोळे पुसत, रघू. जनूला आता लाजही वाटेना. ती तिसऱ्या घरातच दमून बसली होती. त्याला फक्त कुठंतरी टेकायचं होतं.

शेवटचं घर टेकाडावर. दारातल्या म्हातारीनं जनूला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि तिचा जीव कळवळला. तिनं चांगले चार पसे वाल आणले, वर दोन भाकऱ्या आणल्या आणि सीताबाईला विचारलं, "बिचारा! कंधीपास्नं असा हाय गो? घरचं कोन नाय वाटतं त्याला?"

रघूला सुद्धा ते सहन झालं नाही. तो सीताबाईच्या कानाशी वाकला. "काकू, सांगा की आता. जावई हाय म्हणून सांगा."

सीताबाईनं पिशवीचं तोंड आणखी मोठं करून म्हातारीपुढं धरलं.

"गप रं," ती पुटपुटली. "जावई म्हनलं तर मूठच देईल."