दोन ओळी आणि लिंक

राहनाळच्या आमच्या गोदामात मेल पाठवायची तर आधी निबंध लिहावा लागे. कारण म्हात्रेकाका. अंजूरचे, ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणारे, आणि हट्टी म्हणजे किती हट्टी! त्यांनी कॉम्प्युटरमध्येच नियम घालून ठेवला होता: मेल दोन ओळींची आणि आत लिंक असली, तर आपोआप पुसली जायची. स्पॅममध्येसुद्धा राहायची नाही.

“ज्याला बोलायचं काय न्हाय आनि नुसतं दाबायला सांगतो, तो चोर हाय,” हे त्यांचं पालुपद. कोणीतरी असली लिंक दाबून आठवडाभर ऑफिस बंद पाडलं होतं, तेव्हापासून हे भूत अंगात शिरलं.

एकदा मालकांचीच मेल उडाली. मालक खवळले. काका ढिम्म. “सायेब, जरा ख्यालीखुशाली लिवा की. चोर ख्यालीखुशाली लिवत न्हाय.”

झालं! ट्रान्सपोर्टवाले पावतीच्या लिंकसोबत आईचा गुडघाही कळवू लागले. बिलिंगला मी. अख्ख्या भिवंडीचे गुडघे मला पाठ झाले.

स्वतः काका मात्र घुमे. मुलीनं, सुवर्णानं, मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हापासून तिचा फोन घेणं बंद. तिचं नाव काढलं की उठून जायचे. मला असला संताप यायचा!

गेल्या महिन्यात पडघ्याच्या बाजारात सुवर्णा भेटली. पार वाळलेली. “बाबांनी उत्तरसुद्धा दिलं न्हाय गं, ताई,” म्हणाली. मुलगी झाली तेव्हा तिनं ऑफिसच्या पत्त्यावर मेल केली होती. बापासारखीच घुमी, लिहिलं काय, तर ‘बाबा, नात झाली. नाव तुम्ही ठेवा.’ खाली फोटोंची लिंक. उत्तर येईल म्हणून सासरच्यांशी भांडून बारसं अडवून धरलं. तेवढ्यात पोरीला न्यूमोनिया झाला. गेली. बिननावाचीच.

दुसऱ्या दिवशी मी काकांना सांगितलं. कसं सांगितलं, देव जाणे. त्यांनी कॉम्प्युटर ढवळून काढला. ती मेल कुठली सापडायला? पुसलेलं परत येऊ नये, अशी सोय त्यांनीच केली होती.

“नाव कवाच ठरवलं व्हतं मी,” ते म्हणाले. “तिचं लग्न झालं तवाच.”

मी सुवर्णाला फोन लावला आणि त्यांच्या हातात कोंबला. पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ येत राहिलं. काकांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“माझे बाय,” शेवटी ते म्हणाले, “जान्हवी. जान्हवी ठेव.”

सुवर्णाचा हंबरडा मला टेबलाच्या अलीकडे ऐकू आला.