तुमच्याही वाटचं

बायको गेल्याचं त्याला कळलं, तेव्हा तो रुग्णालयाच्या पंख्याबद्दल बोलत होता. डॉक्टरीणबाई खोलीतून बाहेर आल्या, त्याच वेळी शेजारच्या मशिदीत अजान सुरू झाली आणि त्या भिंतीशी गप्प उभ्या राहिल्या. फक्त ओठ हलत होते. समोरचा माणूस गप्प, म्हणजे आपल्याला मोकळं रान, असं त्याने नेहमीप्रमाणे धरलं. पंखा का घरघरतो, बेअरिंग कसं गेलंय, सगळं सांगून टाकलं. अजान संपली. बाईंनी दुआ मागितली, तोंडावरून हात फिरवला आणि मग सांगितलं.

पंखे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा होता आणि बोलणं हा स्वभाव. गल्ली त्याला 'रेडिओ' म्हणायची. बायको म्हणायची, रेडिओला निदान बटण तरी असतं. अजान सुरू झाली की ती ओठांवर बोट ठेवायची. अजान देणारा मुअज्जिन म्हणेल ते त्याच्यामागून हळूच म्हणायचं, मधे गप्पा मारायच्या नाहीत, शेवटी दुआ मागायची, ही तिची रीत. रेडिओ चालूच राहायचा. मग अजान संपली की ती म्हणायची, "असू द्या. तुमच्याही वाटचं म्हटलं मी."

आता त्याच्या वाटचं म्हणणारं घरात कुणी नव्हतं. आणि तिच्यासाठी मागायचं तर त्यालाच मागायचं होतं. त्या दिवशी एक परकी बाई तिच्यासाठी दुआ मागत होती आणि आपण बेअरिंग सांगत होतो, हे त्याच्या मनातून जाईना. एक अजान पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायची, मागून म्हणायची, आणि मग तिच्यासाठी दुआ. त्याने एवढंच ठरवलं, पण जमेना. एकदा गिऱ्हाइकाने हाक मारली. एकदा अर्ध्यापर्यंत पोचल्याचा त्यालाच इतका आनंद झाला, की तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "बघितलंस? गप्प बसलोय!" झालं. मुसळ केरात.

अशात एका दुपारी मेहुणा कपाट न्यायला आला. आपलं लाकडी कपाट भाचीला द्यायचं, असं ती सांगून गेली होती. दोघांनी ते जिन्यात काढलं. रेडिओ वरच्या बाजूला, मेहुणा खालच्या.

"डावीकडं घे. डावीकडं म्हणजे तुझ्या डावीकडं. कोपरा सांभाळ. हे वर आणलं तेव्हा चौघं होते, त्यातला एक तर नुसता..."

जिन्याच्या वळणावर अजान सुरू झाली. रेडिओने वाक्य गिळलं.

"त्यातला एक काय?" मेहुण्याने विचारलं. त्याला कपाटाच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं. "भाऊजी? आता कुठं वळवू?"

मेहुण्याने कपाट खालून हलवून पाहिलं.

"भाऊजी!"

अजान मेहुण्यालाही ऐकू येत होती. पण अजान झाली म्हणून भाऊजी गप्प बसतील, हे त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. निकाहाच्या दिवशी काझीसाहेबांना भाऊजींच्या बोलण्यात फट शोधावी लागली होती. मेहुणा घाबरून ओरडला, "कुणी आहे का? भाऊजी बोलत नाहीयेत!"

वरच्या मजल्यावरून शिंपीणकाकू एका पायात चप्पल घालून धावत आल्या. "बोलत नाही? हा?" त्यांनी रेडिओकडे पाहिलं. डोळे मिटलेले, कपाळावर घाम, कपाटाच्या वजनाने मानेच्या शिरा फुगलेल्या. "ओठ हलताहेत बाई!"

"काय म्हणताहेत?"

काकूंनी त्याच्या तोंडाशी कान नेला. नेमका मुअज्जिन कलम्याच्या शब्दांवर आला होता आणि रेडिओ ते मनापासून म्हणत होता. काकू दोन पायऱ्या मागे सरकल्या. "कलमा पढतोय रे!"

मेहुण्याने कपाटाला खांदा लावला. माणूस जायला लागला की त्याच्या कानाशी जो म्हणायचा, तो कलमा भाऊजी न सांगताच म्हणत होते. "असं नका करू, भाऊजी! आपाला जाऊन अजून किती दिवस झालेत!"

रेडिओने जोराने मान हलवली. हात मोकळे नव्हते, म्हणून त्याने वरच्या खिडकीकडे हनुवटी केली. खिडकीबाहेर मशिदीचा भोंगा होता.

"वर दाखवतोय!" काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "तिच्याकडं निघाला!"

तेवढ्यात तळमजल्यावरचे डॉक्टर वर आले. मागोमाग गालात कापूस कोंबलेला त्यांचा पेशंटही आला. "अहो, पण मी दातांचा डॉक्टर आहे," ते म्हणाले.

"मग बरोबर आलात! तोंडच बंद पडलंय!" मेहुणा म्हणाला.

डॉक्टर कठड्याला धरून कपाटाच्या कडेने वर सरकले. मुअज्जिनने आता नमाजला बोलावलं. या हाकेला तेच शब्द परत म्हणायचे नसतात; अल्लाहशिवाय कुणाच्या अंगात बळ नाही, असं म्हणायचं असतं. रेडिओने तेही चोख म्हटलं.

"काय म्हणाले, काकू?" मेहुण्याने खालून विचारलं.

"बळ नाही म्हणतोय!"

"अँब्युलन्स बोलवा!" डॉक्टर म्हणाले. त्यांनी मनगट चाचपलं. "नाडी तर जोरात चाललीय."

अजान शेवटच्या शब्दांवर आली. रेडिओ त्यांच्या मागून शेवटपर्यंत गेला. आयुष्यात पहिल्यांदा. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की काकूंनी हंबरडा फोडला, "चेहरा बघा! गेला हो!" आणि रेडिओने दुआसाठी दोन्ही हात वर केले.

कपाट वरून धरलेलं होतं ते त्याच दोन हातांनी. ते निसटलं, एक पायरी, दोन पायऱ्या, आणि एक कोपरा कठड्यात, दुसरा भिंतीत घुसवून वळणावर आडवं बसलं.

"अरे सांभाळ! पाय काढ! पाय काढ आधी! तुला म्हटलं होतं डावीकडं, आणि हे डॉक्टर मधे कुठून आले? काकू, तुमची दुसरी चप्पल कुठाय?"

"बोलले!" मेहुणा कपाटाखालून ओरडला. डॉक्टर हसायला लागले, आणि कापसामागून पेशंटही काहीतरी आनंदाचं बोलला.

रेडिओ पायरीवर बसला. आपण काय ठरवलं होतं ते त्याने सांगितलं, आणि म्हणाला, "दुआ राहिली पुन्हा."

"मेल्या, 'थांबा, अजान होऊ द्या,' एवढं सांगायचं ना," काकू म्हणाल्या. "गरजेपुरतं बोललेलं चालतं."

"काकू, गरजेपुरतं बोलता आलं असतं तर अडचण काय होती?"

रेडिओने सगळ्यांकडे पाहिलं. मेहुण्याच्या हाताची साल निघाली होती. डॉक्टरांनी पेशंट अर्धा टाकला होता. रेडिओ बंद पडला तर गल्ली म्हणेल सुटलो एकदाचे, असं त्याला वाटायचं. इथे तर माणसं एका चपलेनिशी धावत आली होती. "उपकार झाले तुमचे," तो म्हणाला. पुढे आणखी काही आलं नाही, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

कपाट हलेना. ओढून, ढकलून संध्याकाळ झाली. मग भोंग्याची खरखर ऐकू आली आणि काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. सगळे कपाटाच्या अल्याड-पल्याड पायऱ्यांवर गप्प बसले. रेडिओ एकेक शब्द मागून म्हणत गेला. अजान संपली तेव्हा त्याने हात वर केले. या वेळी हातात काही नव्हतं. त्याने तिच्यासाठी मागायचं ते मागितलं. इतकी वर्षं ऐकून घेणारी दिलीस, याबद्दल अल्लाहचे आभार मानले. मग कपाटाच्या दारावर हात ठेवून हळूच म्हणाला, "तुझ्याही वाटचं म्हटलं गं."

नंतर बराच वेळ तो बोलला नाही. आता कुणी घाबरलं नाही.

"उद्या चार माणसं आणतो, भाऊजी," मेहुणा निघताना म्हणाला.

"काही घाई नाही," रेडिओ म्हणाला.

जिन्यातून सगळे तिरके होऊन चढतात-उतरतात, कुणी कुरकुर करत नाही. कपाट अजून वळणावरच आहे.