फळ्या घरात रुळेपर्यंत

लाकडाचा स्वभाव अख्ख्या डुलुथ गावात फक्त मलाच कळतो! दुकानातून आणलेल्या फळ्या लगेच जमिनीला ठोकल्या, की त्या पापडासारख्या वाकतात. आधी त्यांना घरची हवा अंगवळणी पडू द्यायची. हे मी लोर्नाला, म्हणजे माझ्या बायकोला, समजावलं.

ती बहिणीकडे निघाली होती. "अ‍ॅल्विन, मी परत येईन तेव्हा लाकडी फरशी बसलेली हवी. नाहीतर तो जांभळा गालिचा आलाच म्हणून समज!"

जांभळा गालिचा! मी तडक कामाला लागलो.

बैठकीच्या मधोमध मेपलच्या फळ्या लांबलचक रचल्या. मांजर नख्या मारू लागलं, म्हणून वर पांढरी चादर घातली. ऊन नको म्हणून पडदे ओढले. हवा कोरडी नको म्हणून वाफेचं यंत्र लावलं. बाहेरची थंडी नको म्हणून दारही उघडलं नाही. बर्फ पडत राहिला, अंगणातली वाट बुजली. बुजेना का!

मग फळ्या बोलू लागल्या.

आधी नुसतं टक्. मग चादरीखाली कुणी कूस बदलावी तसं कर्रर्र. मग चक्क उसासा. भरदुपारी! मांजर शेपूट फुलवून सोफ्याखाली गेलं ते बाहेरच येईना. रुळताना लाकूड आवाज करतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी ढिगाकडे पाठ करणं सोडलं.

"गप बस ना जरा," मी एकदा म्हणालो.

ढीग गप झाला. हे जास्त वाईट होतं!

एका दुपारी यंत्रासाठी पाणी आणायला तळघरात गेलो आणि तिथेच उरलेल्या पट्ट्या घासत बसलो. भुशानं पिठात लोळल्यासारखा पांढराफटक झालो. तेवढ्यात वर पावलं वाजली. जड, सावकाश. मग कुजबुज.

"किती शांत निजलाय!"

आवाज शेजारच्या मर्टलचा. आमच्या गल्लीत दाराला कुलूप नसतं.

"वाट साफ केलेली दिसली नाही, तेव्हाच म्हटलं, अ‍ॅल्विन गेला. पडद्याच्या फटीतून चादर दिसली आणि मी ओव्हन लावला. लोर्ना बिचारी शवपेटी ठरवायला गेली असेल."

"चांगला माणूस होता," तिचा नवरा ऑर्व्हिल म्हणाला. "माझं फावडं तेवढं परत दिलं नाही."

मी स्वतःला चिमटा काढला. दुखलं, पण फारसं नाही!

जिना चढलो. वाफेच्या धुक्यात दोघं मान खाली घालून उभी. मर्टलच्या हातात हॉटडिश: खिमा, मशरूमचं सूप, वर बटाट्याचे गोळे. मयताच्या घरी आम्ही तेच नेतो, भांड्याखाली आपलं नाव चिकटवून.

चादरीखालून आवाज आला. टक्.

"मर्टल… तो हलला गं!"

मला दिसला फक्त त्यांच्या बुटांवरचा वितळता बर्फ. धुक्यातून पुढे होऊन मी गरजलो, "बूट! बूट बाहेर काढा!"

मर्टल अशी किंचाळली, की मांजर सोफ्याखालून निघून थेट पडद्यावर चढलं. हॉटडिश उडाली ती वाफाळत्या सुपासकट ढिगावर! चादरीतून झिरपत, फटीफटीतून पार तळच्या फळीपर्यंत.

मर्टलनं भांडं परत नेलं. ऑर्व्हिलनं फावडं नेलं, आणि जाताना "चांगला माणूस" हे शब्दही परत घेतले.

लोर्ना आली. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे तू मेला नाहीस, आणि फरशीही बसली नाही."

फुगलेल्या फळ्या मी केव्हाच शेगडीत जाळल्या. हे लिहितोय ते जांभळ्या गालिच्यावर खुर्ची टाकून. गालिचा मऊ आहे, उबदार आहे. तक्रार नाही.

फक्त दुपारी कधीतरी त्याच्याखालून येतं… टक्.

मी पाय वर घेऊन बसतो.