मगदूमबाईंच्या गुडघ्याचं मत

टाळेबंदीतल्या व्हिडिओ तपासणीबद्दल रुग्ण समाधानी होता, सर्जनही समाधानी होते. रुग्णाचा गुडघा मात्र नव्हता, आणि त्याने तसं स्पष्ट सांगितलं.

रुग्ण म्हणजे मिरजेच्या पद्मजा मगदूम, कबड्डीच्या निवृत्त पंच. टाळेबंदी लागण्याच्या थोडं आधी अंगणात घसरून त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. डॉक्टर किणीकरांनी ती तारांनी बांधली. पुढची तपासणी फोनवर होऊ लागली. बाई कॉटवर पाय पसरून बसत, त्यांचे यजमान आप्पा फोन धरत, आणि डॉक्टर पडद्यावरून म्हणत, "छान दिसतंय."

"छानच आहे, डॉक्टर," बाई म्हणत. एवढ्या धामधुमीत हा माणूस आपल्यासाठी वेळ काढतो, त्याला दुखतंय म्हणून काय सांगायचं, असं त्यांना वाटे.

रुग्णांचं समाधान विचारायला दवाखान्यातून तांबोळी मॅडमचा फोन आला. बाई म्हणाल्या, "पूर्ण समाधानी."

"मी नाही," गुडघा म्हणाला.

कोण बोलतंय, असं मॅडमनी विचारलं. आप्पांनी सांगितलं.

"गुडघ्याचं मत आम्ही घेत नाही," मॅडम नम्रपणे म्हणाल्या. "मत रुग्णाचं असतं."

"मग ऑपरेशन कुणाचं केलंत?"

मॅडमनी डॉक्टरांनाही व्हिडिओ कॉलवर घेतलं.

"काय तक्रार आहे?" डॉक्टरांनी गुडघ्याला विचारलं.

"टोचतंय. आतून."

"इथून तर काही दिसत नाही."

"दिसणार नाहीच. हात लावून बघा."

"सध्या ते अवघड आहे. घरी माझी म्हातारी आई आहे. शक्य तेवढ्या रुग्णांना मी लांबूनच बघतो."

"ते पटतं मला," गुडघा म्हणाला. "पण टोचतंय."

"बरं, जरा वाकून दाखवा."

"फोनपुढं मी वाकणार नाही."

आणि तो वाकला नाही. बाईंनी दोन्ही हातांनी जोर लावला. आप्पांनी फोन उशीला टेकवून पाहिलं. गुडघा सरळच राहिला.

"असाच राहिला तर कायमचा आखडेल," डॉक्टर म्हणाले. "मगदूमबाई, तुम्ही समजवा त्याला."

मैदानात प्रेक्षक अंगावर धावून आले तरी बाईंनी कधी निर्णय फिरवला नव्हता. आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"नाही समजवणार," त्या म्हणाल्या. "तो खरं बोलतोय. भिडेपोटी खोटं बोलत होते ती मी. मॅडम, माझं समाधान मी परत घेते."

"असं परत घेता येत नाही, बाई."

"मी घेतलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मॅडम, माझंही परत घ्या," ते म्हणाले. "हाताला लागल्याशिवाय मला हाड कळत नाही. पडद्यावर मी नुसती मान हलवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मास्क, झगा, हातमोजे असा सगळा जामानिमा करून मगदूमांच्या अंगणात आले. आप्पांनी उघड्यावर खुर्ची मांडली. डॉक्टरांनी अंगठा गुडघ्यावरून हळूहळू फिरवला.

"इथं?"

"वर."

"इथं?"

गुडघ्याने श्वास रोखला. तारेचं टोक वळून कातडीला आतून टेकलं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर ते बाहेर आलं असतं, आणि जखम चिघळली असती. डॉक्टरांनी त्याच दिवशी बाईंना दवाखान्यात नेलं, तेवढी जागा बधिर केली आणि टोक कापून टाकलं. टाके घालून होताच गुडघा कुणी न सांगता वाकला.

"आता कसं?" डॉक्टरांनी विचारलं.

"टोचत नाही," गुडघा म्हणाला.

संध्याकाळी घरी बाई पाय वर घेऊन बसल्या. आप्पांनी चहा टाकला. फळीवरचे कप काढायला त्यांनी हात उचलला, तेव्हा त्यांचा डावा खांदा खाकरला. आयुष्यात तो कधी एक शब्द बोलला नव्हता. बाईंनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी गॅस बारीक केला, सदऱ्याची वरची बटणं सोडली आणि म्हणाले, "बोल."