जनुभाऊंनी वायर कुठे जोडली

जनुभाऊंनी सबवूफरच्या चारही पायांना कणकेचे गोळे लावले होते. मृदंगाच्या डाव्या बाजूला कणीक थापल्याशिवाय आवाज घुमत नाही, मग या खोक्याला ती का नको, असा त्यांचा सरळ हिशेब. दुसऱ्या दिवशी कणकेला मुंग्या लागल्या. भिंतीच्या फटीतून त्या आमच्या साखरेच्या डब्यापर्यंत पोहोचल्या, तेव्हा या प्रकरणाची मला पहिली खबर लागली.

रोह्यात आमची दोन घरं एका भिंतीची. जनुभाऊ धाटावच्या एका कंपनीत जन्मभर इलेक्ट्रिशियन होते. मीही धाटावलाच, पण दुसऱ्या कंपनीत आणि अजून शिफ्टमध्ये. निवृत्त झाल्यावर त्यांचं ऐकायला हाताखाली कोणी उरलं नाही, म्हणून ते सगळं मला ऐकवतात. "मानूस खोटं बोलंल, वायर नाय बोलनार," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. झोप मिळाली तर.

आता सुमनकाकूंबद्दल सांगतो. या जनुभाऊंच्या बायको, माहेर गडबचं. तिथल्या बायकांच्या भजनात त्या मृदंग वाजवायच्या. बाई मृदंग वाजवते म्हणून सुरुवातीला नाकं मुरडणारेही पुढे काकू नसतील तर भजन लावू नका म्हणायला लागले. जनुभाऊ मागच्या रांगेत टाळ घेऊन बसायचे आणि हमखास चुकायचे. गेल्या वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. बोटांत अजून थोडी ताकद आहे, रोज हलवलीत तर वाढेल, नाहीतर हीही जाईल, असं डॉक्टरांनी बजावून एक मऊ चेंडू दाबायला दिला. काकूंनी तो खिडकीत ठेवला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. घरात कोणी हाताचा विषय काढला की त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

जनुभाऊंनी त्यावर उपाय काढला. गडबच्या देवळातल्या भजनाची एक जुनी कॅसेट त्यांनी माळ्यावरून शोधून काढली. आपला हात ऐकला की बाईला तो हलवावासा वाटेल, अशी त्यांची कल्पना. काकूंनी अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाल्या, "यात पन माझा डावा हात नाय. बंद करा."

खरंच नव्हता. त्यांचे स्पीकर वहीएवढे. त्यातून उजव्या हाताची टणटण यायची, टाळ यायचे, बायकांचे आवाज यायचे. डाव्या हाताचा घुमारा मात्र त्या स्पीकरांना झेपत नव्हता. मी असतो तर कॅसेट परत माळ्यावर टाकली असती. जनुभाऊंनी नुसता खालचा, घुमणारा आवाज काढणारा सबवूफर आणला.

आणला खरा, पण जोडायचा कसा? त्यांचा ॲम्प्लिफायर जुना, त्याला सबवूफरसाठी वेगळी जागाच नाही. वाटा दोनच. एक तर स्पीकरला जाणाऱ्या तारांतून फाटा काढायचा, नाहीतर मागच्या 'टेप आउट' लिहिलेल्या भोकातून वायर घ्यायची. आठवडाभर हा माणूस जेवताना ताटात चवळीच्या शेंगा मांडून दोन्ही जोडण्या करून बघत होता. शेवटी माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही पेणला निघालो. एसटीत ॲम्प्लिफायर माझ्या मांडीवर, आणि तो जड आहे असं मी म्हणू नये म्हणून जनुभाऊ सारखे बोलत होते.

पेणचा मेकॅनिक म्हातारा, शांत. गणपतीच्या कारखान्याशेजारी त्याचं दुकान, त्यामुळे त्याच्या पक्कडीवरसुद्धा मातीचा थर. त्याने सांगितलं, स्पीकरच्या तारांतूनच घ्या. टेप आउटला आवाजाचं बटण लागू होत नाही. तुम्ही गाणं बारीक केलंत तरी वूफरची धमधम आहे तेवढीच राहणार, आणि शेजारी शिव्या देणार. मी जोरात मान हलवली. जनुभाऊंनी त्याला नमस्कार केला आणि घरी येऊन तो म्हणाला तसंच जोडलं.

घुमारा आला, नाही असं नाही. पण टाळ आणि गाण्याच्या गर्दीत तो दबून जाई. बटण वाढवलं की गर्दीही तेवढीच वाढे. काकूंनी यावेळी पूर्ण मिनिटभर ऐकलं. "तुमचा टाळ ऐकू येतो," त्या म्हणाल्या. "माझा हात नाय."

दोन दिवसांनी रात्रपाळी करून मी सकाळी नुकता आडवा झालो होतो. भिंतीतून धम, धम सुरू झालं. गाणं नाही, टाळ नाही, नुसती धमधम. मांडणीवरची ताटं वाजायला लागली. पेणच्या म्हाताऱ्याने सांगितलेला दोष हाच, हे माझ्या लक्षात आलं, आणि आज यांना सोडायचं नाही असं ठरवून मी तसाच बनियनवर शेजारी गेलो.

जनुभाऊंनी वायर टेप आउटला जोडली होती आणि आवाजाचं बटण शून्यावर नेलं होतं. गाणाऱ्या बायका गेल्या, उजवा हात गेला, त्यांचा स्वतःचा टाळही गेला. खोलीत फक्त काकूंचा डावा हात वाजत होता. काकू खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. मी भांडण गिळलं.

"हितं मी घाई केली," काकू मध्येच म्हणाल्या.

जनुभाऊंनी काकूंचा डावा हात उचलला आणि सबवूफरवर ठेवला. थोड्या वेळाने करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. खोकंच थरथरत होतं, त्यामुळे काय कशाने हलतंय ते मला सांगता येईना. जनुभाऊंनाही येईना. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. कुठलीही शंका आली की आधी बंद करून बघायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. त्यांचा हात सबवूफरच्या स्विचकडे गेला आणि तिथेच थांबला. मला वाटलं, नको. बंद केलं आणि बोटं थांबली तर या माणसाने पुढे काय जोडायचं?

"बंद नका करू," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "मीच हलवते हाय."

जनुभाऊ खाली जमिनीवर बसले आणि माझ्यादेखत रडले. कॅसेटची ती बाजू संपली, तेव्हा ती उलटून मीच लावली.