सहावा चार्जर

बिसेन मास्तर माझ्या चार्जरला लाटणं लावतात. एक टोक डब्यावर, दुसरं स्वतःच्या कानात. ई-रिक्षावाले गाडी लावली की आधी तो तमाशा बघतात, मग चहा पितात.

गोंदियात माझं ई-रिक्षा चार्जिंगचं शेड आहे. मास्तर शेजारच्याच घरात राहतात. तंत्रशाळेत शिकवून रिटायर झालेले. मी पानठेल्यावरून वर आलेला माणूस. कोणी फुकट काम करतो म्हणाला, की माझा हात आधी खिशावर जातो. आणि मास्तर फुकट करत होते!

चार्जर घेताना व्यापाऱ्याकडून मी भाव चांगला पाडून घेतला होता. त्याने सूड उगवला. सहाच्या सहा चार्जर शिटी मारायचे.

"शेठ, हा करंट मापून खाते," मास्तर म्हणाले. "पण एक घास मोठा घेते, दुसरा लहान, मंग पुन्हा मोठा. म्हणून शिटी. त्याले उतार द्या लागते, उतार!"

म्हणजे घास चालू असतानाच त्याची हद्द हळूहळू खाली उतरवत न्यायची, पुढच्या घासाला पुन्हा वरून सुरुवात. मग लहान-मोठ्याचा झोका मरतो. त्यासाठी मास्तर आत एक बारीक पार्ट बसवायचे. कोणताही रोग असो, त्यांचा इलाज हाच. रिक्षावाला बायकोशी भांडून आला, तर "उतार दे बाबा." मी फोनवर व्यापाऱ्याला शिव्या देत असलो, तर मागून हळूच, "शेठ, उतार!"

पण उतार दिलेला चार्जर आधीपेक्षा जरा कमी करंट देऊ लागला. मी मीटर लावून पाहिलं आणि तडकलो.

"मास्तर, माहा करंट कुठं गेला?"

"जास्तीचा लोभ सोडला. म्हणून तर सुधरला."

"मले कायले बोलून राहिले?"

"चार्जरले बोलून राहिलो."

पाच चार्जर गप्प झाले. सहावा मात्र होईना. माल तोच, पार्ट तोच. मास्तर तो उघडत, काहीतरी पिळत, आणि "माह्या कानाले शिटी पोचत नाही, मंडळीले विचारून येतो" म्हणत घरी पळत. परत येऊन मान हलवत, "अजून आहे म्हणते."

आता, मंडळी म्हणजे मास्तरांची बायको, आमच्या काकू. लकवा झाल्यापासून त्या खाटेवर होत्या. वाचा गेलेली. त्या सांगणार काय? शिवाय मास्तरांकडे करंटची लाट दाखवणारं पडद्याचं यंत्र होतं. ते असताना घरी पळायचं काऊन? माझी खात्री पटली, की माणूस समोरच्या दुसऱ्या चार्जिंग शेडवाल्याला मिळालेला आहे आणि माझा सहावा मुद्दाम बिघडवून ठेवतो आहे. एका दुपारी मी त्यांच्या मागोमाग गेलो आणि खिडकीपाशी उभा राहिलो.

मास्तर खाटेवर वाकले होते. "आता सांग. थांबली का?"

काकूंनी डोळे मिटून ऐकलं. मग एक बोट उचललं आणि हलवलं. नाही.

"पुन्हा नापास केलं मले!" मास्तर असे खुलले, जणू बोर्डात पहिले आले. काकूंचा अर्धा चेहरा हसत होता.

वळताना त्यांना मी दिसलो. चेहरा पडला. खिशातून त्यांनी तो बारीक पार्ट काढला. "आजच लावून देतो शेठ. पाच मिनिटाचं काम आहे."

"मंग इतके दिवस काऊन नाही लावला?"

त्यांनी आवाज खाली आणला. "पाचवा सुधरला, तवा सहावा बंद होता, शिटी कुठंच नव्हती. मी विचारलं, आता काही ऐकू येते का? तिनं तोंडच फिरवलं भिंतीकडं. लकव्यानंतर ह्या शिटीपुरतीच मले जवाब देते ती. उद्या काय विचारू?"

मी शिव्या जुळवून आणल्या होत्या. त्या तशाच घेऊन शेडवर परतलो आणि सहाव्या चार्जरचा खटका दाबला.

रिक्षावाला ओरडला, "शेठ, ये सीटी मार रहा है! दूसरे पे लगाओ."

"इसी पे लगेगा," मी म्हणालो. "मास्तर का काम चालू है. बहुत बारीक काम है."